बारा गुणिले साठ बरोबर साठ!

बसमध्ये आहात, स्वयंपाकघरात आहात की ऑफिसात काम करायचं नाटक करत ऐकताय? जिथे असाल तिथे स्वागत.

आज आपण गुणाकार शिकणार आहोत. हो, बरोबर ऐकलंत. तिसरीतला गुणाकार. फक्त तो वहीत नाही, स्प्रेडशीटमध्ये करायचाय, आणि तोही फोनवर.

तुम्ही म्हणाल, ताई, हा काय विषय झाला? स्टार दाबायचा, एंटर मारायचा, उत्तर हजर. मलाही असंच वाटायचं. मी बीटेक केलंय, सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते, रोज कोड लिहिते. आणि तरीही दोन वर्षांपूर्वी दिवाळीत माझ्या एका फॉर्म्युल्यामुळे एका बाईंच्या कष्टाचे ६६० रुपये बुडाले. कुणाला कळलंही नाही. एरर नाही, लाल रंग नाही, काही नाही. ती गोष्ट आज सांगते, आणि सांगता सांगता गुणाकारही करू.

एक छोटी सूचना. हे वाचत असाल तर सेलची आणि फंक्शनची नावं मी बोलते तशीच इथे लिहिली आहेत. तुम्ही शीटमध्ये टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा.

तर, आधी अगदी पहिली पायरी.

शीट उघडा. एक्सेल असो नाहीतर गूगल शीट्स, आज मी जे सांगणार आहे ते जवळपास दोन्हीकडे सारखंच चालतं. ए१ मध्ये लिहा १२. बी१ मध्ये लिहा ६०. आता सी१ मध्ये जा आणि टाइप करा: बरोबरचं चिन्ह, ए१, स्टार, बी१. एंटर. आलं ७२०.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. बरोबरचं चिन्ह सगळ्यात आधी हवं. त्याशिवाय शीटला कळतच नाही की हा हिशेब आहे, ती तो साधा मजकूर समजते आणि जसाच्या तसा दाखवते. आणि गुणाकाराचं चिन्ह म्हणजे स्टार, तो छोटा तारा. शाळेतली फुली नाही, इंग्रजी एक्स अक्षर तर अजिबात नाही. फोनच्या छोट्या कीबोर्डवर बोट सहज चुकतं, म्हणून नीट बघून दाबा.

मग कुणी विचारेल, थेट १२ स्टार ६० का नाही लिहायचं? लिहा की. पण उद्या बाराचे पंधरा झाले तर फॉर्म्युला उघडून बदलावा लागेल. सेलचं नाव दिलं की तुम्ही फक्त ए१ मधला आकडा बदलायचा, उत्तर आपोआप बदलतं.

खरं सांगायचं तर स्प्रेडशीटचा जन्मच या एका कारणासाठी झाला. १९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा एक विद्यार्थी हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. फळ्यावर हिशेबाचा मोठा तक्ता. त्यातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसायचे आणि परत लिहायचे. त्याला वाटलं, हा फळाच जादूचा असता तर? एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलले असते. त्याने बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर तो प्रोग्राम बनवला. १९७९ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरवर तो विकायला आला. नाव व्हिजिकॅल्क. आपण आज फोनवर जे वापरतो, ते त्याचंच नातवंड समजा.

एक आकडा बदलला की सगळे बदलतात, ही या फळ्याची ताकद. आणि एक आकडा चुकला की सगळे चुकतात, हेही तितकंच खरं.

आता माझी गोष्ट.

माझी आई साताऱ्यात दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. घरगुतीच काम, पण दिवाळीआधीचे आठ-दहा दिवस आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. आजूबाजूच्या पाच-सहा बायका कामाला येतात. कुणी चकल्या पाडतं आणि तळतं, कुणी करंज्या भरतं, कुणी लाडू वळतं. मजुरी किलोवर ठरलेली. त्या वर्षी चकलीला किलोमागे ६० रुपये, करंजीला ८०, लाडवाला ५०.

आई हा सगळा हिशेब वहीत ठेवायची. मी म्हटलं, आई, मी इंजिनिअर असताना तू वही वापरतेस? लोक काय म्हणतील? आणि मोठ्या ऐटीत तिच्या फोनवर एक शीट बनवून दिली. तारीख, नाव, पदार्थ, किलो, दर आणि रक्कम. किलो होते डी कॉलममध्ये, दर ई मध्ये, रक्कम एफ मध्ये. एफ मधला फॉर्म्युला साधा: डी२ स्टार ई२. तोच खालपर्यंत ओढला. शीट छान दिसावी म्हणून हेडिंगला रंग दिला, सगळे आकडे सेंटरला घेतले. हे सेंटरचं लक्षात ठेवा हं, त्याच्याकडे परत यायचंय.

तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते आणि आईचा स्क्रीनशॉट आला. खाली मेसेज: 'अगं, हे काय आलंय बघ. टोटलपण गेली.'

एका ओळीत रकमेच्या जागी हॅश व्हॅल्यू असं आलं होतं. शीट जेव्हा म्हणते की 'मला आकडा हवा होता, तुम्ही भलतंच काहीतरी दिलंत', तेव्हा ती ही पाटी दाखवते. आणि एका ओळीत एरर आली की खालच्या बेरजेतही तीच येते, म्हणून टोटल गायब.

कारण काय होतं? आईने किलोच्या रकान्यात नुसतं १२ न लिहिता '१२ किलो' असं लिहिलं होतं. माणसाला त्यात काहीच वावगं वाटत नाही. पण शीटच्या दृष्टीने '१२ किलो' हा आकडा नाही, तो मजकूर आहे. 'चकली' जसा मजकूर, तसाच '१२ किलो' हाही मजकूर. मजकुराला साठने गुणायचं कसं? म्हणून ती अडून बसली. बरोबरच होतं तिचं.

मी काय करायला हवं होतं? आईला फोन करून सांगायचं, त्या सेलमधला 'किलो' शब्द काढ. दहा सेकंदांचं काम.

मी काय केलं? मीटिंगमध्ये होते, घाईत होते. मला आठवलं की गुणाकारासाठी प्रॉडक्ट नावाचं फंक्शन आहे आणि ते एरर देत नाही. शीट माझ्याकडे शेअर केलेली होतीच. मी एफ कॉलममध्ये स्टार काढून प्रॉडक्ट टाकलं: बरोबर, प्रॉडक्ट, कंसात डी२, स्वल्पविराम, ई२. खालपर्यंत ओढलं. हॅश गेलं, आकडा आला. टोटल आली. आईला थम्स-अप पाठवला.

आलेला आकडा किती आहे, ते मी पाहिलंच नाही.

आता इथे जरा थांबू, कारण आजच्या भागात एवढंच एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे. स्टार आणि प्रॉडक्ट, दोन्ही गुणाकारच करतात, पण नको ती गोष्ट समोर आली की दोघं वेगळं वागतात.

स्टारला मजकूर दिला की तो एरर देतो. प्रॉडक्टला मजकूर असलेला सेल दिला की तो त्या सेलकडे दुर्लक्ष करतो. तो सेल तिथे नाहीच असं समजून उरलेल्यांचा गुणाकार करतो. म्हणजे '१२ किलो' गुणिले ६० करताना त्याने '१२ किलो' सोडून दिलं. उरलं काय? ६०. उत्तर ६०.

रिकाम्या सेलचंही तसंच. स्टार रिकाम्या सेलला शून्य धरतो, म्हणून उत्तर शून्य. प्रॉडक्ट रिकामा सेल सोडून देतो, म्हणून उत्तर ६०. प्रॉडक्ट रिकामे सेल सोडून देतं, हे त्याच्या मदत पानावर लिहिलेलं असतं. प्रॉडक्ट चुकीचं नाही. लांबच लांब रांगेतले सगळे आकडे एकमेकांशी गुणायचे असतील, मध्ये काही सेल रिकामे असतील, तेव्हा ते फार कामाचं आहे. मजुरीच्या हिशेबात मात्र ते नको होतं.

तर त्या ओळीत ७२० च्या जागी ६० आले. ओळ होती चकलीवाल्या मावशींची. त्यांचे त्या आठवड्याचे पाच दिवस असे होते: १०, १२, ९, ११ आणि ८ किलो. एकूण ५० किलो, म्हणजे ३००० रुपये. शीटने दाखवले २३४०. आईने शीट बघून २३४० रुपये मोजून दिले.

२३४० हा आकडाच असा आहे बघा, की त्याच्याकडे बघून कुणाला शंका येणार नाही. शून्य आलं असतं तर आईला कळलं असतं. २३ हजार आले असते तरी कळलं असतं. पण २३४० अगदी साळसूद दिसतो.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मावशी घरी आल्या. चहा झाला, इकडतिकडच्या गप्पा झाल्या. निघताना दारात उभ्या राहून त्यांनी आईला हळूच विचारलं, 'वहिनी, ते मोबाईलमध्ये हिशेब केला की मोबाईलवाले काही कापून घेतात का हो?'

आईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मला खरंच खाली बसावंसं वाटलं.

मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. पण घरातल्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली त्यांनी किलो लिहून ठेवले होते. ५० किलो झाले हे त्यांना माहीत होतं. ३००० व्हायला हवेत हेही माहीत होतं. तीन आठवडे त्यांनी विचारलं नाही. कारण माझी आई फसवणार नाही यावर त्यांचा विश्वास, आणि मोबाईल चुकणार नाही यावरही विश्वास. मग ६६० रुपये गेले कुठे? तर कुणीतरी कापून घेत असणार. त्यांनी स्वतःची अशी समजूत घालून घेतली होती.

मी त्या रात्री शीट उघडली. ती ओळ दिसली आणि त्यानंतर आणखी दोन सापडल्या. करंजीच्या एका ओळीत आईने किलोच्या जागी अक्षरात 'अडीच' लिहिलं होतं. अडीच गुणिले ८० म्हणजे २००. शीटने दाखवले ८०. त्या काकूंचे १२० रुपये कमी गेले होते, आणि त्या विचारायलाही आल्या नव्हत्या. लाडवाच्या एका ओळीत 'अर्धा' होतं. तिथे २५ ऐवजी ५० गेले. म्हणजे एकीला जास्त मिळाले.

या दोन्ही ओळी मी फॉर्म्युला बदलल्यानंतरच्या होत्या. मी स्टार तसाच ठेवला असता तर शीटने आईला दोन्ही वेळा जागच्या जागी अडवलं असतं. मी अडवणाऱ्यालाच घरी पाठवलं होतं. चूक दुरुस्त न करता मी चुकीचं तोंड बंद केलं होतं.

हे फक्त प्रॉडक्टपुरतं नाही बरं का. इफएरर नावाचं एक फंक्शन आहे. एरर आली तर तिच्या जागी शून्य दाखव, किंवा काहीच दाखवू नको, असं त्याला सांगता येतं. व्हिडिओंमध्ये ते 'शीट क्लीन दिसण्यासाठी' म्हणून शिकवतात. पैशांच्या हिशेबात एरर लपवण्याआधी ती का आली ते बघा.

आता तुम्ही विचाराल, मशीन स्वतःहून कधीच चुकत नाही का? गंमत म्हणून सांगते, एकदा चुकलं होतं. सप्टेंबर २००७ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की एक्सेल २००७ मध्ये ७७.१ गुणिले ८५० केलं की उत्तर १,००,००० दिसतं. खरं उत्तर ६५,५३५. सॉफ्टवेअरवाल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, १६ बिटमध्ये मावणारा तो सगळ्यात मोठा पूर्णांक. गुणाकार आतमध्ये बरोबर झाला होता. ते उत्तर पडद्यावर दाखवणाऱ्या कोडमध्ये गडबड होती, आणि ती मोजक्याच काही आकड्यांना होत होती. मायक्रोसॉफ्टने पुढच्याच महिन्यात दुरुस्ती दिली. जगभर बातमी झाली, कारण असं जवळजवळ कधीच होत नाही. आपण मात्र '१२ किलो' रोज कुठे ना कुठे लिहितो, आणि त्याची बातमी होत नाही.

मग यावर उपाय काय? मी त्यानंतर आईच्या शीटमध्ये काय काय बदललं ते सांगते. तुमची दूधाची डेअरी असो, ट्यूशनची फी असो, मित्रांचा ट्रिपचा हिशेब असो, सगळीकडे चालेल.

पहिली गोष्ट, सेंटर काढलं. शीटमध्ये काहीही न बदलता लिहिलं की आकडा सेलच्या उजव्या कडेला जातो आणि मजकूर डाव्या कडेला. हा शीटने दिलेला फुकटचा इशारा आहे. '१२ किलो' डावीकडे चिकटलं असतं, बाकी सगळे आकडे उजवीकडे असते, तर आईच्याही डोळ्यात ते खुपलं असतं. मी सगळं सेंटर करून तो इशाराच पुसून टाकला होता. सुंदर दिसण्याच्या नादात. तुम्ही मराठी कीबोर्डवरून अंक टाकत असाल किंवा व्हॉट्सॲपवरून आकडे कॉपी करत असाल तरी हीच खूण बघा. डावीकडे चिकटला की तो आकडा नाही, तो आकड्याच्या वेशातला मजकूर आहे.

दुसरी गोष्ट, स्टार परत आणला. एका ओळीत दोन गोष्टींचा गुणाकार असेल तर स्टारच वापरा. तो भांडतो, पण भांडणारा बरा.

तिसरी गोष्ट, 'किलो' शब्दाचं काय करायचं? मी आईला म्हटलं होतं, किलो लिहीत जाऊ नकोस. तर ती म्हणाली, 'अगं, मग बारा कसले? डबे की किलो?' आणि तिचं बरोबर होतं. चकली किलोवर, पण अनारसे नगावर मोजतात. एकक दिसायलाच हवं. मग मी लॅपटॉपवर बसून त्या कॉलमला कस्टम नंबर फॉरमॅट लावला. फॉरमॅटच्या खिडकीत लिहायचं: शून्य, पॉइंट, शून्य शून्य, मग एक जागा सोडून दुहेरी अवतरणचिन्हात किलो. आता आई नुसतं १२ टाइप करते आणि सेलमध्ये '१२.०० किलो' दिसतं. दिसायला मजकूर, पण आत शुद्ध बारा. गुणाकार बिनतक्रार. अनाराशांसाठी तसंच 'नग' लावलं.

चौथी गोष्ट, पहारेकरी बसवला. वर कोपऱ्यात दोन सेल केले. एकात काउंट, दुसऱ्यात काउंटए, दोन्ही डी२ पासून खालच्या कॉलमवर. काउंट फक्त आकडे मोजतं. काउंटए रिकामे नसलेले सगळे सेल मोजतं. दोन्ही उत्तरं सारखी असतील तर सगळं ठीक. काउंटए एकने जास्त आलं, तर कुठेतरी एक 'अडीच' लपलेलं आहे. ते शोधायचं आणि मगच पैसे वाटायचे.

त्याच्याच शेजारी आणखी एक तपासणी. समप्रॉडक्ट नावाचं फंक्शन दोन कॉलम घेतं, प्रत्येक ओळीचा गुणाकार करतं आणि शेवटी सगळ्यांची बेरीज एकदम देतं. कंसात आधी किलोचा कॉलम, स्वल्पविराम, मग दराचा कॉलम. हे मजकुराला शून्य धरतं. त्या दिवाळीत मी रकमेच्या कॉलमची बेरीज आणि समप्रॉडक्टचं उत्तर शेजारी ठेवलं असतं तर १९० रुपयांचा फरक दिसला असता. ६०, ८० आणि ५०. दोन्ही आकडे चूकच होते, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत एवढं दिसलं असतं तरी मी शोधायला लागले असते.

आता गुणाकारातले आणखी तीन खड्डे पटकन सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण त्यात पडणार आहेत.

पहिला खड्डा, डॉलर. समजा सगळ्यांना एकच दर आहे आणि तो तुम्ही एच१ मध्ये एकदाच लिहिलाय. फॉर्म्युला केला डी२ स्टार एच१. पहिल्या ओळीत उत्तर बरोबर. खाली ओढलं की दुसऱ्या ओळीत तो होतो डी३ स्टार एच२. एच२ रिकामा, म्हणून उत्तर शून्य. फॉर्म्युला ओढला की सेलची नावंही सरकतात. दराचा सेल जागेवर खिळवायचा असेल तर लिहा: डॉलर एच डॉलर १. या डॉलरचा पैशाशी काही संबंध नाही, तो नुसता खिळा आहे. पुढच्या वर्षी दर वाढवताना एकाच जागी बदललं की काम झालं. दहा टक्के वाढ द्यायची असेल तर दराला ११०% ने गुणा, म्हणजे साठचे ६६ होतील. फक्त टक्क्याचं चिन्ह विसरू नका, नाहीतर साठचे थेट ६,६०० होतील. तशा वेळी मात्र मावशी तक्रार करणार नाहीत!

दुसरा खड्डा, तास. कुणी तासावर काम करत असेल, साडेसात तास, तासाला ६० रुपये. तुम्ही सेलमध्ये ७:३० लिहिलं आणि ६० ने गुणलं. उत्तर यायला हवं ४५०. येतं १८.७५. कारण शीट वेळ साठवते ती दिवसाचा भाग म्हणून. पूर्ण दिवस म्हणजे १, साडेसात तास म्हणजे ०.३१२५. त्यामुळे तासांच्या गुणाकारात आणखी २४ ने गुणावं लागतं. वेळ स्टार २४ स्टार दर. नाहीतर सरळ ७.५ लिहा. पण ७.३० लिहू नका, ते साडेसात नाही, सात पूर्णांक तीन दशांश आहे. पार्टटाइम काम करणाऱ्या मित्रांनो, तुमचा पगार कुणी शीटमध्ये काढत असेल तर हे एकदा नक्की तपासा.

तिसरा खड्डा, दिसणं आणि असणं. समजा दर ४५ आहे आणि वजनं ७.३५, ८.१५ आणि ६.५५ किलो. रकमा येतात ३३०.७५, ३६६.७५ आणि २९४.७५. तुम्ही पैसे दिसू नयेत म्हणून दशांश लपवले. आता दिसतं ३३१, ३६७, २९५. तुम्ही तोंडी बेरीज केली तर ९९३. शीट म्हणते ९९२. शीट खोटं बोलत नाही. तिच्या आत अजून ३३०.७५ च आहे, तुम्ही फक्त पडदा ओढलाय. खरोखर पूर्ण रुपयात द्यायचं असेल तर गुणाकाराभोवती राउंड लावा: राउंड, कंसात गुणाकार, स्वल्पविराम, शून्य. मग प्रत्येक ओळीत खराच पूर्ण रुपया येईल आणि बेरीज जुळेल.

आता शेवटचा उपाय. हा फॉर्म्युला नाही.

मी पुढच्या शनिवारी साताऱ्याला गेले आणि मावशींकडे गेले. ६६० रुपये दिले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'असू दे गं, पण कुठं चुकलं ते दाखव की.' मी फोनवर ती ओळ दाखवली. '१२ किलो', ६०, आणि उत्तर ६०. त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, 'बारा सक बहात्तर. सातशेवीस झाले. एवढं तर तुझ्या मोबाईलला यायला पाहिजे.'

त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून तीसपर्यंत पाढे पाठ करून घेतले होते. नुसते पाढे नाही, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकीसुद्धा. म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे. आपल्यापैकी किती जणांना ही नावं तरी माहीत आहेत? त्यांना अडीच किलो करंजीचे ८० च्या दराने किती, हे सेल उघडायच्या आत सांगता येतं. २००.

शीटपेक्षा पाढे भारी, असं मी म्हणत नाही. पाच-सहा बायका, आठ-दहा दिवस, चार-पाच पदार्थ, एवढे गुणाकार कुणीही तोंडी करू नयेत. पण उत्तर साधारण किती यायला हवं याचा अंदाज आधी डोक्यात असेल, तर साठ बघितल्यावर माणूस थबकतो. माझ्या डोक्यात अंदाजच नव्हता. शीट जे दाखवेल ते उत्तर.

आता दर दिवाळीत आमच्याकडे अशी पद्धत आहे. वजन झालं की मावशी मोठ्याने रक्कम सांगतात, मग आई शीटमध्ये किलो टाकते, आणि दोघी मिळून एफ कॉलम बघतात. जुळलं तर पुढे. गेल्या दिवाळीत एकदा जुळलं नाही. आईने ९ च्या ऐवजी ६ टाइप केले होते. आकडाच होता तो, डावीकडे चिकटला नाही, काउंटने पकडला नाही, समप्रॉडक्टनेही नाही. मावशींनी पकडला. आणि आठवड्याच्या शेवटी ज्याचा त्याला हिशेब दाखवतो, म्हणजे ज्या काकू विचारायला येत नाहीत त्यांनाही बघता येतं.

तर आजचा गृहपाठ. दोन मिनिटांचा आहे. शीट उघडा. एका सेलमध्ये '१२ किलो' लिहा, शेजारी ६०. पुढच्या सेलमध्ये स्टारने गुणा, त्याच्या पुढच्यात प्रॉडक्टने. दोन्ही उत्तरं बघा. मग तुमच्या घरात, दुकानात, मंडळात, बचत गटात ज्या शीटवर कुणाचे तरी पैसे ठरतात, ती उघडा आणि रकमेचा फॉर्म्युला तपासा. काही सापडलं तर ज्याचे पैसे आहेत त्याला आधी सांगा, मग मला सांगा.

पुढच्या भागात आपण तारखांवर बोलू, त्यांची भांडणं तर याहून मोठी आहेत. तोपर्यंत काळजी घ्या, आणि अंदाज घेऊन गुणा. भेटूया.